हरणाऱ्यांच्या बाजूचे मामा

हरणाऱ्या संघावर इतक्या निष्ठेनं जीव लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात आमच्या मामांशिवाय दुसरा सापडायचा नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नोकरी शेंद्र्याच्या कारखान्यात आणि जीव कॉलेजांच्या बास्केटबॉलमध्ये. स्पर्धा लागल्या की रजा टाकून मैदानावर हजर. कुणाच्या बाजूनं म्हणाल, तर जो संघ मागं पडेल त्याच्या. सामना फिरला की तेही पाण्याची बाटली उचलून, वळसा घालून पलीकडच्या बाकावर. एकदा सामना असा रंगला की त्यांना बसताच आलं नाही. घरी येऊन आत्याला म्हणाले, "आज लई भारी झालं. कोण जिंकलं ते इचारू नको, मलाबी ध्यानात नाय."

त्यांचं दुःख एकच होतं. दरवर्षी एकच बडं कॉलेज जिंकायचं. फी माफ, बूट फुकट, त्यामुळं आसपासची सगळी उंच पोरं-पोरी तिकडंच. "ही फायनल नाय, बक्षीस वाटप हाय," मामा म्हणत. मग त्यांनी एकट्यानंच उपाय सुरू केला. वेरूळला दर्शनाच्या रांगेत एक उंच मुलगी दिसली, तर रांग सोडून तिच्या वडिलांना गाठलं आणि एका लहानशा कॉलेजाचं असं कौतुक सुरू केलं की वडिलांनी विचारलं, "ते ठीक आहे, पण मुलगा काय करतो?"

पुढं त्यांची स्वतःचीच रेणू ताडमाड वाढली. बड्या कॉलेजानं तिला बोलावलं.

"तूबी तिकडं गेलीस तर बाकीच्यांनी खेळायचं कशाला?" मामा म्हणाले.

"बाबा, मला शिकायचंय. तुमच्या त्या कॉलेजात रिंगला जाळीसुद्धा नाही."

 दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच तिला स्कूटरवर नेऊन प्रवेश घेऊन आले.

आणि एका वर्षी त्या बिनजाळीच्या कॉलेजाच्या मुली फायनलला आल्या, रेणूच्या संघासमोर. मामा जाऊन त्यांच्या बाकामागं बसले. आत्या रेणूच्या संघाच्या बाजूला, तिनं मामांकडं पाहिलंही नाही. शेवटच्या मिनिटाला त्या मुली एका गुणानं पुढं गेल्या. आता मागं पडली होती ती मामांची लेक. मामा उठले, निम्म्या वाटेपर्यंत आले आणि रिंगमागं थबकले. तेवढ्यात रेणूनं चेंडू टाकला. बास्केट झाली, शिट्टी वाजली. मामांनी टाळी वाजवली नाही. चष्मा काढून पुसत राहिले. मग आधी रडणाऱ्या त्या मुलींकडं गेले, नंतर लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

आता रेणू पुण्यात नोकरी करते. त्या लहान कॉलेजाचा संघ आता स्पर्धेत उतरतच नाही. बडं कॉलेज जिंकतंच आहे. मामा निवृत्त झालेत, तरी स्पर्धेला मला घेऊन जातात. परवा सामना एकतर्फी चालला होता. अर्धं मैदान रिकामं.

"रेणू जिंकली ते बरंच झालं," मामा मध्येच म्हणाले. "पण त्या पोरी पुढं होत्या ना, ते मिनिट... अजून जरा चालायला पाहिजे होतं."