"कोण गेलं?"

मैत्रिणींनो, आज दुपारी आमचे हे दारातूनच म्हणाले, "आवर पटकन, बाहेर जायचंय."

मी गॅस बंद केला, फिकी साडी नेसले आणि गाडीवर बसता बसता विचारलं, "कोण गेलं?"

लग्नाला तीस वर्षं झाली, पण असं अचानक आम्ही दोघं फक्त मयतीलाच निघतो.

ह्यांनी गाडी सुरू केली. मग म्हणाले, "कुणी न्हाय की. हिप्परग्याच्या तळ्यावर जाऊ म्हटलं, असंच."

काठावर शेंगा खात बसलो. फारसं बोललो नाही, तरी उठवेना.

परतताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनात आलं, आमच्यातलं एक जण गेलं की दुसऱ्याला 'आवर' म्हणायला कोण असणार?

कुणी गेलेलं नसताना तुम्ही दोघं शेवटचं कधी निघाला होता?