सुनंदाच्या पायाची काडी

बोईसरला आमचा सकाळी धावणाऱ्यांचा ग्रुप आहे. सगळे चाळिशीच्या आसपासचे, एकाच कारखान्यातले. धावतो थोडं, पण किस्से ढीगभर! आणि त्यातले बहुतेक माझ्या सल्ल्यांचे. स्पाइक्स, म्हणजे तळाला पिना असलेले ट्रॅकचे बूट, कुठले घ्यायचे ते मला विचारायचं, असा रिवाजच. मला कोणी नेमलं? मीच!

*

माझे पहिले स्पाइक्स मी घरूनच घालून निघालो. जिन्याच्या लादीवर जो घसरलो, तो थेट खालच्या वहिनींच्या दारात.

"भाऊजी, बेल वाजवली असती तरी चाललं असतं!"

पुढे वर्षभर मी त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

*

अकाउंट्समधल्या पाटकरांना पाच हजार मीटर धावायचं होतं. मी त्यांना शंभर मीटरवाल्यांचे कडक तळाचे स्पाइक्स घ्यायला लावले. "हलके आहेत, उडाल!" बिचारे साडेबारा फेऱ्या चवड्यांवर धावले. पुढचे तीन दिवस ऑफिसचा जिना उलटे उतरत होते. कोणी विचारलं की म्हणायचे, "सल्ला उतरतोय!"

*

आमच्या फिटर यादवला मी म्हटलं, "पिना पक्क्या बसव." त्याने पाइपच्या सांध्याला लावतात तो गम लावून बसवल्या! सिंथेटिक ट्रॅकवर पंच म्हणाले, "एवढ्या लांब पिना चालत नाहीत, बदला." पिना हलेनात. यादव मोज्यांवर धावला.

"सर, आपने बोला पक्का, तो पक्का!"

त्या पिना मातीच्या ट्रॅकच्या होत्या, आणि त्याही मीच निवडल्या होत्या.

*

सुनंदा आमच्या कॅन्टीनमध्ये कामाला. वाणगावच्या पलीकडच्या पाड्यावरची. अनवाणी धावून आम्हा सगळ्यांना मागे टाकायची. जिल्ह्याच्या आठशे मीटरमध्ये पहिल्या तिघींत आली, तर राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. मीच म्हटलं, "अनवाणी नको, स्पाइक्स आणतो." मी मुंबईला निघालो, तेव्हा तिने पायाच्या मापाने तोडलेली एक काडी हातात दिली.

"नंबर मला ठावा नाय, सर. ह्या काडीएवढा पाय हाय."

दुकान एसीचं, सगळीकडे काचा. टायवाल्या सेल्समनने नंबर विचारला. खिशातून काडी काढायची मला लाज वाटली. "पाच," मी ठोकून दिलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिने बूट घालून बघितले. "बोटांना लागतात, सर."

"स्पाइक्स घट्टच असतात!" मी म्हणालो. आणि तिने ते खरं मानलं.

शेवटच्या वळणापर्यंत ती पहिली होती. मग लंगडायला लागली. चौथी आली.

बूट काढले तेव्हा अंगठ्याचं नख उखडलं होतं, मोजा रक्ताने भिजला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"सर, काडी हरवली काय?"

"हो," मी म्हणालो.

"मंग तुमी तरी काय करणार!" ती लंगडत कुंपणापाशी गेली, एक काडी मोडली, त्याच पायाला लावून नीट मापाची तोडली आणि माझ्या हातात दिली. "ही जपा हां, सर."

मी ती खिशात ठेवली. पहिलीच्या शेजारी.