कामट्या आणायला कसब्यात

कर्वेनगरहून कसबा पेठेत जाणं हा काय प्रवास झाला, असं म्हणणाऱ्यांनी तो दिवाळीच्या तोंडावर शनिवारी करून पाहावा.

आमच्या सोसायटीचा आकाशकंदील दरवर्षी वरच्या मजल्यावरचे वसंतकाका करतात. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि घरी शिजवलेली खळ. यंदा त्यांचे हात थरथरायला लागले, तर सेक्रेटरींनी लगेच प्लास्टिकच्या कंदिलांचे फोटो ग्रुपवर टाकले! काकांचा पडलेला चेहरा मला बघवेना.

"मी करते. तुम्ही शिकवा," मी म्हटलं.

"तू? तुला साडीला फॉल लावता येत नाही."

झालं! आता माघार कसली? सेक्रेटरींकडून वसुबारसेपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर कंदील झाला नाही, तर प्लास्टिकचा.

आधीच सांगते, गाडी नेऊ नका. शनिवारवाड्यापर्यंत रिक्षा, पुढे पायी. वाटेत मिसळ खाल्ली. काकांनी दोनदा तर्री मागितली आणि "काकूला बोलायचं नाही" अशी तंबी दिली. बुरूड आळीत सुपं, टोपल्या, परड्या पार रस्त्यापर्यंत आलेल्या. मी आपली छान सरळ, पिवळीधमक जुडी उचलली.

"वाकवून बघ," काका म्हणाले.

वाकवली. कट्! दुकानातल्या ताई हसल्या. "वाळलेली आहे हो ती. ही ओली न्या." ओली जुडी मिसळीपेक्षा स्वस्त पडली. येताना कामट्या रिक्षाबाहेर हातभर लोंबत होत्या आणि रिक्षावाले दादा सिग्नलला सगळ्यांना "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते.

घरी आल्यावर मी जोशात एकेक गाठ करकचून आवळत गेले. काका गप्प बसून बघत होते. सांगाडा टांगला, तर एका बाजूला तोंड वाकडं करून बसलेला!

"अहो, आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून कळलं असतं? आधी सगळ्या गाठी कच्च्या. टांगायचा, लांबून बघायचा, हातानं सरळ करायचा. मग आवळायचं."

वसुबारस दुसऱ्या दिवशी. रडूच आलं मला. पण सगळे दोरे कापले आणि पहिल्यापासून बसले. ह्या खेपेला कच्च्या गाठी. काका बोटानं दाखवायचे, मी कामटी सरकवायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कागद चिकटवून झाला.

संध्याकाळी दोर ओढला. कंदील वर गेला आणि ताठ, सरळ उभा राहिला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तर चक्क उड्या मारल्या. हाताला चिरा पडल्यात, नखांत अजून खळ आहे, पण कंदील करता येतो मला आता. हे कुठल्याही सहलीत मिळालं नव्हतं.

गेटपाशी शेजारच्या इमारतीतल्या बाई थांबल्या. "वा काका, यंदाही तुमचाच ना?"

काकांनी मान वर करून कंदील नीट न्याहाळला.

"छे," ते म्हणाले, "हिचा आहे."