मागून म्हणणारी

वच्छलाबाईंना बुद्धवंदना सगळी पाठ होती, पण मागून. म्हणजे पुढून कोणी एक ओळ म्हटली, की तीच ओळ त्यांच्या तोंडातून आपसूक निघायची. अगदी सुरात, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पुढचं कोणी नसलं, की सगळं अडायचं.

याला कारण त्यांचे मालक, एकनाथराव. ते एस.टी.त कंडक्टर होते. शेवटच्या सीटवर घोरणाऱ्यालाही उठवून त्याचं गाव सांगेल, असा आवाज. नागपूरला वस्तीतल्या विहारात भंतेजी आले नाहीत, की एकनाथराव पुढे बसायचे. घरी तर रोजच सांजेला ते पुढे आणि वच्छलाबाई मागे. दुसरीच्या पलीकडे शाळा न पाहिलेल्या बाईला वंदनेचं पुस्तक उघडायची गरजच पडली नाही. पुस्तक समोर बसून बोलत होतं.

ते पुस्तक मागल्या साली मिटलं. सुशांतनं नागपूरच्या घराला कुलूप घातलं आणि आईला अमेरिकेत, अल्फारेटाला आणलं. इथे त्यांना स्वतःची खोली, स्वतःचं न्हाणीघर, आणि खिडकीबाहेर इतकं गवत, की दोन म्हशी सुखानं जगल्या असत्या. एकदा त्यांनी फोटोपुढे अगरबत्ती लावली, तर छताला लावलेलं धुराचं यंत्र असं बोंबललं, की नात केया कानात बोटं घालून बाहेर पळाली. मग सून सुमेधानं बॅटरीवरची मेणबत्ती आणून दिली. ती पेटवायला बटण दाबावं लागे. बटण दाबून, हात जोडून वच्छलाबाई 'नमो तस्स' म्हणत, तीनदा म्हणत, आणि मग थांबून राहत. पुढून काही येत नसे. नेट लावून सुरुवात केली, तर 'बुद्धं सरणं'वरून गाडी थेट तिसऱ्या खेपेच्या 'ततियम्पि'वर जायची, आणि मधलं म्हटलं की राहिलं, हेच कळेना.

आणि आता वर्ष होत आलं होतं.

"सुशांत, शनवारी बाबाले वर्ष होते," त्या म्हणाल्या. "पुण्यानुमोदन करा लागते."

"हो आई, माहितीये. झूमवर करू ना. शुभा मावशी नागपूरहून म्हणेल, तू इथून म्हण."

"पौर्णिमेले केलं ना झूमवर. शुभा म्हणे 'बुद्धं', मी म्हणो 'बुद्धं', तोवर ते 'गच्छामि'वर. दोघी मिळून नुसता कालवा."

"लॅग असतो आई तो."

"असन. त्याले काऊन बोलावता मंग वंदनेले?"

सुशांत हसला, पण लॅपटॉपवरून नजर काढली नाही. त्याचं कसलंसं रिलीज होतं त्याच शनिवारी. हे रिलीज म्हणजे काय, ते वच्छलाबाईंना ठाऊक नव्हतं. मात्र दर महिन्याला होतं आणि होताना घरात कोणी जेवत नाही, एवढं कळलं होतं.

"मंग तूच म्हण पुढून."

"मला कुठे पूर्ण येतं? मी पण बाबांच्या मागूनच म्हणायचो ना."

हे खरं होतं. घरात पुढून म्हणणारा एकच, बाकी सगळे मागचे.

"आजी, जस्ट प्ले इट ऑन यूट्यूब," केया म्हणाली. पोरगी गुणी, लगेच लावूनही दिलं. पण यूट्यूबवरचे भंतेजी पेटी-तबल्यासकट निघाले होते, ते कोणासाठी थांबेनात. मागून कोणी येतंय का, याची त्यांना चौकशीच नव्हती.

शेवटी सुमेधानं मार्ग काढला. "आई, इथे वीस मिनिटांवर व्हिएतनामी लोकांचं बुद्धविहार आहे. शनिवारी सकाळी ओपन असतं. ऐतिहासिक आहे म्हणे, खूप जुनं."

"किती जुनं?"

"चाळीसेक वर्षं."

"माह्यी कढई जुनी आहे त्याच्याहून," वच्छलाबाई म्हणाल्या. पण मनातून हरखल्या. विहार आहे म्हणजे भंते असणार. भंते आहेत म्हणजे पुढून म्हणणार. एकनाथरावांच्या फोटोसमोर एकदा तिसरण-पंचशील सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. खीर नको, मांडव नको.

शनिवारी त्यांनी पांढरीशुभ्र साडी काढली. वंदनेला पांढरं नेसायचं, हे काही कोणी सांगावं लागत नाही. फोटो पिशवीत घेतला. सुशांतनं गाडीतून उतरवलं, "एक तासात येतो, फोन चालू ठेव," म्हणाला आणि गेला.

आवारात उंच पांढरी मूर्ती, कमानीवर निळे-हिरवे नाग, आणि कुंपणापलीकडे सहापदरी रस्त्यावर गाड्यांचा लोंढा. पायरीवर करड्या झग्यातली एक बाई चपला नीट लावत होती. वच्छलाबाईंनी सवयीनं हात जोडले. "जयभीम."

त्या बाईनंही हात जोडले. "आ यी दा फत्."

इकडून जयभीम, तिकडून आ यी दा फत्. दोघींना एकमेकींचं काही कळलं नाही, पण रामराम झाल्यासारखं झालं. मग त्या बाईनं साडीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम मऊ पडला. तिनं वच्छलाबाईंचा दंड धरला, आत नेलं, आणि गर्दीतून वाट काढत थेट पहिल्या ओळीत बसवलं. मागे सगळे करडे झगे. पुढच्या दोन ओळींत मात्र सगळे पांढऱ्यात, कपाळाला पांढऱ्या पट्ट्या बांधलेले. वच्छलाबाईंना बरं वाटलं. म्हणजे इथेही जाणती माणसं पांढरंच घालतात तर.

शेजारी एक म्हातारी होती, चिमणीएवढी. तिनं न बघताच वच्छलाबाईंचा हात हातात घेतला आणि ती रडायला लागली.

तेव्हा कुठे त्यांनी समोर नीट पाहिलं. बुद्धाच्या मूर्तीखाली फळांची रास, फुलं, आणि मधोमध टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो. ताजी फ्रेम. कुठल्या परक्याच्या दुःखात आपण पहिल्या ओळीत येऊन बसलो, बाई! त्या उठायला गेल्या, तर म्हातारीनं हात सोडला नाही.

तिची लेक वाकून हळू आवाजात इंग्रजीत विचारू लागली. "यू न्यू माय डॅड?"

वच्छलाबाईंना एकच शब्द कळला, तोही वेगळा. "येस, येस. डेड," त्या म्हणाल्या. "वन इयर."

लेक बुचकळ्यात पडली. मग वच्छलाबाईंनी पिशवीतून एकनाथरावांचा फोटो काढला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ती पोर फोटोकडे पाहत राहिली. मग तिनं साडीच्या पदराला बोट लावलं. "व्हाइट," ती म्हणाली, आणि आपल्या कपाळावरच्या पट्टीला हात लावला. "फॅमिली. समवन डाइड."

म्हणजे इथे पांढरं तो घालतो, ज्याच्या घरचं माणूस गेलं. मग तशी चूक काहीच झाली नव्हती.

लेकीनं तो फोटो अलगद घेतला आणि आपल्या बापाच्या फोटोशेजारी नेऊन ठेवला. टोपीवाल्या म्हाताऱ्याशेजारी एकनाथराव असे दिसायला लागले, जणू दोघं एकाच डेपोतून रिटायर झाले आहेत.

भंते आले. लाकडी ठोकळ्यावर टक टक टक टक सुरू झालं, आणि सगळे एका दमात म्हणू लागले. वच्छलाबाई कान देऊन बसल्या. एखादा ओळखीचा शब्द येईल, तो धरून आपण मागे लागू. पण ती गाडी वेगळ्याच रस्त्यानं निघाली होती आणि कुठे थांबत नव्हती. एवढ्या माणसांत बसून त्यांना जेवढं एकटं वाटलं, तेवढं आपल्या खोलीतही वाटलं नव्हतं. तिथे निदान कोणी बोलत नसायचं.

टकटक थांबली. लेक भंतेंच्या कानाशी काही बोलली. त्यांनी वच्छलाबाईंकडे पाहिलं, मग एकनाथरावांच्या फोटोकडे हात केला आणि मान झुकवली. आता तुमचं.

बसल्याबसल्याच वच्छलाबाईंनी डोळे मिटले. "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स." तीनदा झालं. आणि मग रोजच्यासारख्याच त्या थांबल्या. पुढून काही आलं नाही.

आलं ते बाजूनं. "नामो तासा..." म्हातारी पुटपुटली. तिला वाटलं असावं, ही बाई आपल्यासाठीच थांबली आहे. तिचं ऐकून लेक, लेकीचं ऐकून मागची ओळ, आणि मग सगळं विहार मोडक्यातोडक्या पालीत म्हणायला लागलं. म्हणून झालं आणि सगळे वच्छलाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बुद्धं सरणं गच्छामि," वच्छलाबाई घाबरून म्हणाल्या.

"बुदाम सारानाम गाचामी."

"धम्मं सरणं गच्छामि."

मागे माणसं होती म्हणून थांबायची सोय नव्हती. ते म्हणत, तेवढ्या वेळात पुढची ओळ सापडायची. एकनाथरावांनाही ती अशीच सापडत असेल, आपण मागून म्हणत होतो तेवढ्या वेळात? दुतियम्पि झालं, ततियम्पि झालं, पाचही शीलं झाली. एकही राहिलं नाही. 'साधु'ला तर सगळ्यांचा सूर बरोबर लागला.

नंतर तिथल्या बायकांनी शेवयांचं पातळ सूप पाजलं. त्यात तिखटाचं नाव नव्हतं, पण वाटीवर वाटी वाढत होत्या. म्हातारीनं निघताना दोन संत्री पदरात टाकली आणि आपल्या भाषेत पुष्कळ काही सांगितलं. वच्छलाबाईंनीही आपल्या भाषेत पुष्कळ सांगितलं.

सुशांत गाडी चालू ठेवूनच उभा होता. "झालं का नीट? कोण म्हटलं पुढून?"

"मीच म्हटलं."

"क्या बात है, आई!" तो मनापासून खूश झाला. "बघ, तुला सगळं येतं. उगाच टेन्शन घेत होतीस. आता रोज घरी आपलं आपण म्हणू शकशील."

येत नाही, असं वच्छलाबाईंनाही वाटत नव्हतं. पण घरी म्हणायचं तर मागून कोण म्हणणार?

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. "सुशांत," त्या म्हणाल्या, "माह्या मांगून म्हणतो का एकदा? बाबासाठी."

"आत्ता? मी कॉलवर आहे आई." मग आईकडे पाहून त्यानं पडद्यावर बोट दाबलं. "म्यूट केलं. म्हण."

"बुद्धं सरणं गच्छामि."

"बुद्धं सरणं..." सुशांत म्हणाला. आवाज थेट बापाचा. तेवढ्यात गाडीच्या स्पीकरमधून कोणीतरी त्याच्या नावानं हाक मारली, आणि त्यानं घाईनं पुन्हा बोट दाबलं. "येस, येस, आय अ‍ॅम हिअर. कॅन यू हिअर मी?"

वच्छलाबाई हात जोडून पुढची ओळ तोंडात धरून बसल्या. त्याचं 'गच्छामि' व्हायचं होतं अजून.