कडूबाचे तीन वेढे

जानेफळात बैलाच्या पायाला नाल ठोकायची वेळ आली की आधी बैल पाडावा लागे, आणि बैल पाडायचा तर कडूबा वायाळला बोलवावं लागे. नालबंद बाजाराच्या दिवशी मेहकरहून येई. त्याचं नाव कुणाच्या ध्यानात नसे, कडूबाचं मात्र असे. गळ्याला एक वेढा, छातीला दुसरा, कमरेला तिसरा आणि मागून एकच ओढ. दहा मणांचा बैल पाहुण्यासारखा हळूच खाली बसे. मग तीन पाय एकत्र घेऊन शेवटची गाठ. ही रीत त्याच्या बापाची होती. चाळीस वर्षांत कडूबानं तिच्यात एक वेढा कमी केला नाही की जास्त केला नाही. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं एकदा सुचवलं की म्हाताऱ्या बैलाचा छातीवरचा वेढा जरा मागं घ्यावा. कडूबा म्हणाला, "तुमी सुई टोचा, साहेब. दोर माह्या बापाचा हाये." वेढा होता तिथंच पडला.

महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती. त्या पौषात कडूबाच्या बायकोच्या, सोजराबाईच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, जीभ राहिली. निवडीत देवाची काहीतरी गफलत झाली, असं गावाचं मत पडलं. तिला बसवलं की ती डावीकडं कलंडे आणि उशा लावल्या की उशांसकट कलंडे. पोरंबाळं नव्हती, त्यामुळं तिला उचलणं, बसवणं, भरवणं आणि तिची बोलणी खाणं ही चारही कामं कडूबाकडं आली. त्यानं ती मुकाट्यानं केली.

चैत्रात तिचा धाकटा भाऊ नारायणराव हिवऱ्याहून मुलीच्या, गीताच्या, लग्नाचं सांगायला आला. बहिणीजवळ बसून तो म्हणाला,

"बाई, तुले एवढी दगदग नोको. अन् यायचंच असन त मी चार माणसं धाडतो. बाजेवर घालून आणतीन तुले."

"बाजेवर?" सोजराबाई म्हणाली. "चौघांच्या खांद्यावर? मी मेली काय रे, नारायणा?"

"तसं नाही वं, बाई..."

"पाळण्यात गीताच्या कानात नाव म्या सांगतलं. अक्षता बी मी टाकीन. बसून येईन अन् बसून टाकीन. आडवी मी गावातून एकदाच जाईन, अन् तवा मले इचारू नका."

भाऊ गेल्यावर तिनं कडूबाकडं मान वळवली. "जनमभर जनावरं बांधली तुमी. आता मले बंडीत बसती बांधा." लग्नाला सतरा दिवस होते.

कडूबाला यात काहीच अवघड वाटलं नाही, आणि तिथंच तो फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बंडी अंगणातल्या निंबाखाली उभी केली, सोजराबाईला आत बसवून तिची पाठ बंडीच्या उभ्या खुंटाला लावली आणि बापाचा दोर काढला. गळ्याचा वेढा, माणूस आहे म्हणून, खांद्यावर घेतला. बाकी छाती, कंबर आणि ओढ जिथल्या तिथं. सोजराबाई जागची हलली नाही. शेजारच्या पुष्पाबाई कुडावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "आता नाल ठोका म्हना तिले."

"अवं, मले श्वास घेऊ देता का नाही?" सोजराबाई ओरडली. "मी काय बैल हाव का?"

"बैल बोलत नाही," कडूबा म्हणाला आणि उजवीकडची ओढ ढिली केली. ती सांगत गेली, हा ढिली करत गेला. शेवटी तिची तक्रार संपली. तशी ती तासभर बसली, पुष्पाबाईंशी बोलली, त्यांच्या सुनेला नावं ठेवली. मोहीम फत्ते झाली असं समजून कडूबानं दोर सोडला. डाव्या दंडात दोर बोटभर रुतला होता. खालची बोटं जांभळी पडली होती.

"दुखत होतं त सांगाचं नाही का!"

"दुखतच नाही त काय सांगू? ते अंग माह्यं कुठं राह्यलं?"

कडूबा त्या दिवशी जेवला नाही. घाबरला होता तो. चाळीस वर्षं तो म्हणत आला होता की बैल माझ्या दोरानं बसतो. आता त्याला कळलं की बैल लाथ मारायचा म्हणून सगळं निभावत होतं. कुठं आवळलं, कुठं टोचलं ते बैलच सांगायचा आणि कडूबा नकळत ऐकायचा. ज्या अंगाला सांगताच येत नाही ते त्यानं कधी बांधलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो तिचा हात तेल लावून चोळत बसला. बोटांवर रंग आला तेव्हा कुठं तो पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी बापाचा दोर खुंटीला गेला. जुन्या लुगड्याच्या तीन पट्ट्या फाडल्या. आधी कंबर फळीला, मग बरगड्यांखालून एक पट्टी, मग उजव्या खांद्यावरून तिरपी. उजवीकडचं ती सांगे आणि डावीकडचं तो पाही. प्रत्येक वेढ्याखाली बोट घालून बघे आणि तिची नखं निरखत बसे. एवढ्यावरही भागलं नाही. एक दिवस तिला खोकला होता, तर कालची पट्टी छातीवर चालेना. एक दिवस ती पोटभर जेवली होती, तर कमरेची खाली घ्यावी लागली. तिची कंबर काल जिथं होती तिथं आज नसे. आठव्या दिवशी कडूबानं वेढे मोजणं सोडून दिलं. हात आपोआप जाई आणि नको वाटलं तर वाटेतून परत येई. हे कुणी शिकवलं असं विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं, कारण बायकोनं शिकवलं असं म्हणायची गावात पद्धत नव्हती.

सोजराबाईनं शेवटी एकच अट घातली. "वरून पदर आला पायजे. मी बसलेली दिसली पायजे, बांधलेली नाही."

लग्नाच्या दिवशी शेजारचा मोतीराम बंडी हाकायला बसला. सोजराबाई हिरव्या लुगड्यात, पदर नीट, ताठ बसून निघाली. जानेफळच्या वेशीपर्यंत लोक दारात उभे राहून पाहत होते आणि तिला ते पुरेपूर आवडत होतं. दोन कोस बरे गेले. मग नाल्याचा उतार आला आणि बंडी डावीकडं झुकली. सोजराबाई मोतीरामला त्याच्या बैलांच्या खोडी सांगत होती, त्यात खंड पडला नाही. कडूबानं पट्टीखाली बोट घातलं. बोट शिरेना. तिची बोटं गार पडली होती.

"थांब बे, मोत्या!"

नाल्याच्या मधोमध त्यानं सगळं सोडलं. उतार असा होता की खुंटच आडवा झुकलेला, त्याला बांधावं तर ती त्याच्यासोबत झुकणार. अंगणातलं शिक्षण अंगणातच राहिलं.  मग त्यानं डोक्याचा पटका सोडला, तिच्या डाव्या काखेखालून घेतला, उजव्या खांद्यावरून आणला आणि दोन्ही टोकं स्वतःच्या कमरेला बांधून तिच्या पाठीला पाठ लावून बसला. बंडी डावीकडं गेली की हा उजवीकडं रेलायचा. वर आली की सरळ व्हायचा.

"बोडक्या डोक्यानं येता माह्या माहेरी?" ती म्हणाली. सासुरवाडीत जावई पटक्याशिवाय शिरला हे हिवऱ्यात बोलायला दहा वर्षं पुरलं असतं.

"मंग काय तुले सोडू?"

पुढचा सगळा रस्ता सोजराबाई काही बोलली नाही. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. मोतीरामनं दोनदा मागं वळून पाहिलं, ती जिवंत आहे ना म्हणून.

हिवऱ्याच्या मांडवात ती खांबाला टेकून बसली. मागं कडूबा, उघड्या डोक्यानं. मंगलाष्टकं चालू असताना तिनं उजव्या मुठीत अक्षता धरल्या होत्या. प्रत्येक कडव्याला तिनं त्या फेकल्या. एक दाणासुद्धा नवरीपर्यंत पोचला नाही, पण गीतानं आंतरपाटाकडं पाहायचं सोडून आत्याकडं पाहिलं आणि ती रडायला लागली. नारायणरावही रडला. सोजराबाईनं दोघांनाही झापलं.

त्यानंतर ती दोन वर्षं होती. बाजाराला, देवदर्शनाला, पुष्पाबाईंच्या सुनेच्या बाळाच्या बारशाला ती बंडीतून बसून गेली आणि दर वेळी वेगळी बांधलेली होती. त्या काळात कडूबानं बैलही वेगळ्या तऱ्हेनं पाडायला घेतले. म्हाताऱ्या बैलाचा छातीवरचा वेढा तो मागं घेऊ लागला. डॉक्टरला त्यानं हे सांगितलं नाही.

श्रावणात एका सकाळी ती उठली नाही.

भावकीतली माणसं जमली. अंगणात तिरडी तयार झाली आणि मोतीराम आणि दुसरे दोघं सुतळीचे वेढे घ्यायला लागले. कडूबा भिंतीशी बसून होता. तो उठला, कुणाला काही न बोलता आला आणि डाव्या बाजूची सुतळी सोडायला लागला. डोक्याचा पटका सोडून त्यानं घडी केली, ती तिच्या दंडाखाली सारली आणि वेढा पुन्हा घेतला, जरा खाली. मग सुतळीखाली बोट घालून बघितलं.

"कडूबा," मोतीराम हळूच म्हणाला, "आता काऊन?"

"डाव्या अंगाले रुतलेलं तिले समजत नाही," कडूबा म्हणाला. "पाहा लागते."

त्यानं सगळे वेढे एकेक करून तपासले. मग बोट काढून घेतलं आणि उचला म्हणाला.