तू तं घरीच आहेस

जे घर सोडून जातात त्यांच्याजवळ किस्से नसतात, फोटो असतात. किस्से साचतात मागे राहिलेल्याजवळ, कारण सगळं पाहायला तोच एकटा हजर असतो. आमच्या घरात ही ड्युटी माझी.

घर लाखनीत, हायवेला लागून असलेल्या गल्लीत. दादा, म्हणजे स्वप्निल, पुण्याला कंपनीत आहे, ताई लग्न होऊन नागपूरला. मी पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षी सोडलं आणि घरी आलो. 'सोडलं' हा माझा शब्द. बाबांचा शब्द वेगळा आहे, तो इथं लिहिता येत नाही. त्या वर्षी धानाच्या रोवणीला घरात दुसरं कोणी नव्हतं, ही गोष्ट मात्र आता कोणालाच आठवत नाही. तेव्हापासून धान, मोटर, सिलिंडर, आईच्या गोळ्या, सगळं माझ्याकडे. दादाकडे काय? कौतुक.

मला त्यातलं फार नको होतं. दादाला जसं रवाना करतात, तसं एकदा मला करावं. बस, एवढंच. सगळे किस्से त्याच्याच अवतीभवती फिरतात, म्हणून आधी रवानगीच सांगतो.

*

पुण्याची ट्रॅव्हल्स दुपारी आमच्या गावावरून जाते. उड्डाणपूल उतरतो तिथं उभं राहून हात दाखवावा लागतो, नाही तर ड्रायव्हर बघतही नाही. दादा निघाला की आई त्याच्या हातावर दही-साखर ठेवते. शेजारच्या शोभाकाकू चकल्यांचा डबा आणतात. मग वरात निघते. पुढे दादा, हातात मोबाईल. बाजूला बाबा, छाती काढून. मागे आई आणि काकू. आणि सगळ्यात मागे, खांद्यावर तांदळाचा कट्टा घेऊन मी.

मागच्या वर्षी ट्रॅव्हल्स दुसऱ्या लाइनीत होती, थांबेल असं दिसेना. बाबा सरळ रस्त्याच्या मधोमध गेले, दोन्ही हात वर करून. ट्रॅव्हल्सच्या आधी एक ट्रक येत होता. तो करकचून ब्रेक मारत बाबांच्या अगदी पोटाशी येऊन थांबला.

ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "अंकल, मरना है तो घर पे मरो ना!"

बाबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "लडका पुना जा रहा है."

जसा काही तो परवानाच. ट्रकवाल्यानं घामेघूम झालेल्या माझ्याकडे बघितलं, खांद्यावरच्या कट्ट्याकडे बघितलं. "ये जा रहा है?"

"नही नही," बाबा म्हणाले. "ये तो घर का है."

*

त्या कट्ट्यात काय असतं तेही ऐका. आम्ही धानाच्या एका बांधीत चिन्नोर लावतो. शिजायला लागला की तिसऱ्या घरापर्यंत वास जातो असा तांदूळ. त्याच्यासाठी चिखलात मी उतरतो, पाण्याची पाळी मी करतो, भरडायला राईस मिलवर मी नेतो. शिजतो तो पुण्याला. आमच्या ताटात जाडा भात.

एक दिवस व्हिडिओ कॉलवर दादा म्हणाला, "आई, आता तांदूळ नको पाठवूस. मी राइस बंद केलाय. जिममध्ये सांगितलंय." पुण्याला गेल्यापासून तो असा बोलतो. केलाय, सांगितलंय.

आई 'बरं' म्हणाली. पुढच्या आठवड्यात कट्टा तयार.

मी म्हटलं, "आई, तो खात नाही ना आता?"

"त्यानं खाणं बंद केलं, मी पाठवणं काहून बंद करू?"

"मंग मले शिजवून दे एखाद दिवस."

"तुले कायले पाहिजे?" आई कट्ट्याचं तोंड शिवत म्हणाली. "तू तं घरीच आहेस."

नंतर कळलं, दादाचा रूममेट साताऱ्याचा आहे आणि तो रोज दोन वेळा चिन्नोर खातो. दिवाळीत दादा सांगत होता की रूममेटच्या सगळ्या पँटा घट्ट झाल्या. त्या माणसाला मी अजून पाहिलं नाही, पण त्याचं पोट माझ्या मेहनतीचं आहे.

*

दोन उन्हाळ्यांआधी दादानं एसी पाठवला. आई-बाबांसाठी म्हणून. बाबांनी तो बसवला दादाच्या खोलीत, "त्याची चीज आहे" म्हणून. वरून खोलीला कुलूप, कारण बिल येते. भर मे महिन्यात आम्ही तिघं हॉलमध्ये कूलरसमोर. आधी बाबा, मग आई, मग मी. माझ्यापर्यंत कूलरचा फक्त आवाज यायचा.

एसी सुरू झाला दिवाळीत. दादा आला म्हणून. बाहेर स्वेटर घालायची थंडी आणि बाबांनी दादा झोपायला जायच्या आधीच खोली गार करून ठेवली. "पोरगं पाहून का म्हणन? पाठवला आन लावला नाही?"

सकाळी दादा शिंकत शिंकत बाहेर आला. डोळे लाल, अंगावर दोन ब्लँकेट. बाबा माझ्यावर तडकले. "त्याले थंडी वाजून राहिली होती, तुले बंद करता नाही आला?"

रिमोट बाबांच्या उशीखाली निघाला.

*

संध्याकाळी शोभाकाकू आमच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांचा पोरगा बंगलोरला आहे. मग काकू आणि बाबांचा सामना चालू होतो. विषय एकच, कोणाच्या पोराचा फोन आला. खरं सांगायचं तर दादाचा फोन आला की बाबा ताटावरून उठतात, आंघोळीतून बाहेर येतात. एकदा सरपंचांशी बोलता बोलता त्यांना तिथंच उभं ठेवून बाजूला गेले. पण दादा फोन करतो रविवारी. बाकीच्या वारांना बाबांची पंचाईत.

एका मंगळवारी काकू आल्या आल्या म्हणाल्या, "आमच्याचा आताच आला होता, अर्धा तास बोलला." बाबांनी खिशातून मोबाईल काढला आणि कानाला लावला. "हाव बेटा. जेवला का? हाव हाव, काकू बी इथंच बसल्या आहेत, सांगतो."

तेवढ्यात कानाला लागलेला तो मोबाईल वाजायला लागला.

फोन माझा होता. मी शेतावरून लावला होता, मोटर सुरू होत नव्हती म्हणून. बाबांनी पटकन कापला आणि पुन्हा कानाला लावून म्हणाले, "हाव बेटा, बोल."

हे मला काकूंनीच सांगितलं. मी विचारलं, "मंग तुम्ही का म्हटलं?"

"का म्हणू? म्हटलं भाऊजी, उचला ना, स्वप्निलचा दुसरा फोन आला वाटते."

काकू हसत होत्या. मला हसू आलं नाही. जो पोरगा लाइनवर नव्हता त्याच्यासाठी जो होता त्याचा फोन कापला. उन्हाळी धानाला त्या दिवशी पाणी मिळालं नाही ते नाहीच.

*

सिहोऱ्याला एका लग्नात बाबांचे जुने ओळखीचे भेटले. विचारलं, पोरं काय करतात.

"मोठा स्वप्निल, पुण्याले आहे. अश्विनी नागपूरले आहे," बाबा म्हणाले. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि गाडी अडकली. त्यांनी एकदा मंडपाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "आन हा रोशन. हा... हा आहे."

*

मागच्या पावसाळ्यात बाबांचा बीपी वाढला. भंडाऱ्याला भरती करावं लागलं. डबा मी, औषध मी, रात्रीचं जागरण मी. ताई नागपूरहून एक दिवस आली, संत्री घेऊन. पलंगाजवळ बसून रडली, बाबांच्या हाताचा फोटो काढून स्टेटसला टाकला, आणि संध्याकाळच्या बसनं परत गेली. दादा रोज व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दोन-तीन इंग्रजी प्रश्न विचारायचा. त्यात मोबाईल धरून उभा राहणारा हात माझा.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "काका, नशीबवान आहात. पोरांनी चांगली सेवा केली."

"हो ना साहेब," बाबा म्हणाले. "मोठा पुण्यावरून सारखा लक्ष ठेवून होता. पोरगी बी धावत आली."

मी खाली बसून त्यांच्या पायात चप्पल चढवत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "आणि हा?"

बाबांनी खाली वाकून बघितलं, म्हणजे चप्पल नीट बसली का ते. "हा? त्याले कुठी जायचं राहते?"

त्या दिवशी ठरवलं. याले बी जायचं राहते.

*

तर आता शेवटचा. धान निघाल्यावर पॉलिटेक्निकच्या एका मित्रानं पुण्यात एका गोदामात काम पाहून दिलं. ट्रॅव्हल्सची सीट बुक केली आणि जेवताना घरात सांगितलं. मला वाटलं भांडण होईल. बाबा मान खाली घालून भात कालवत म्हणाले, "जा ना. कोणी बांधून ठेवलं का?"

आईनं कट्टा भरला. मी तोंड शिवायच्या आधी हात घालून पाहिला, चिन्नोरच होता. हातावर दही-साखर आली. काकू चकल्यांचा डबा घेऊन आल्या. सगळं दादासारखंच. फक्त आई दही-साखर देऊन मागच्या दारानं आवारात गेली ती पुन्हा पुढे आली नाही. काकू गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आता आमचं सिलिंडर कोण आणन रे बाप्पा?" मला जाम बरं वाटलं. मागे राहिलेल्याचं काय होतं, ते आता बाकीच्यांनी बघावं.

कट्टा उचलायला मी वाकलो तर बाबा म्हणाले, "ठेव. जाणाऱ्यानं नाही उचलायचं." आणि स्वतःच्या डोक्यावर घेतला. बीपीचा माणूस. मी मोबाईल हातात घेऊन पुढे चाललो, अगदी दादासारखा.

पुलाजवळ कट्टा खाली ठेवून आम्ही उभे राहिलो. ट्रॅव्हल्सच्या पोराचा फोन आला, "पूल उतरून राहिलो, हात दाखवा." बाबा म्हणाले, "तू कट्ट्यापाशी थांब. मी थांबवतो." आणि रस्त्याच्या कडेला पुढे गेले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती आणि वर गेलेला हात. ट्रॅव्हल्स हळू झाली. मी कट्टा उचलून खांद्यावर घेतला.

ट्रॅव्हल्स थांबली नाही. माझ्यासमोरून निघून गेली. खिडकीतला एक पोरगा चिप्स खात माझ्याकडे बघत गेला. त्याच्या बाजूची सीट रिकामी होती.

बाबा परत आले. माझ्या खांद्यावरचा कट्टा काढून त्यांनी डोक्यावर घेतला आणि घराच्या दिशेनं चालायला लागले. "भरली होती," म्हणाले.

"बाबा, बुकिंग होतं माझं."

"मी पाहिलं ना. भरली होती."

दादासाठी हा माणूस ट्रकसमोर उभा राहिला होता. माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. बाबा दहा पावलं पुढे गेले तेव्हा माझा मोबाईल वाजला. ट्रॅव्हल्सचा पोरगा होता, वैतागलेला. "ओ भाऊ, यायचं नव्हतं तं आधी सांगायचं ना! आम्ही गाडी स्लो केली, आन तुमचे काका हात हालवून जा, जा म्हणून राहिले. मी म्हटलं कॅन्सल झालं."

फोन कानालाच होता.

बाबा चालतच होते. कट्ट्याखाली मान ताठ, मागे वळणं शक्य नव्हतं. तिथूनच विचारलं, "कोणाचा फोन?"

"दादाचा," मी म्हटलं.

बाबा थांबले नाहीत. म्हणाले, "त्याले म्हण, मंग कर. आता कामात आहो."