सहा नंबरच्या रेकॉर्डसाठी ओझर, जुन्नर, पारगाव

"दादा, ओझरच्या गणपतीला जाऊन येऊ या, किती दिवस झाले," असं मी फोनवर म्हटलं आणि देवाच्या नावाने थाप मारली म्हणून मनातल्या मनात कान पकडले. अगदी थापही नव्हती म्हणा. ओझरला जायचंच होतं. फक्त तिथून पुढे जुन्नरला एका लाऊडस्पीकरवाल्याच्या दुकानात जायचं होतं, आणि तिथलं काम जमलं तर परतताना पारगावला, ताईकडे. दादाने ताईच्या घरात बारा वर्षं पाय ठेवला नव्हता. तेही एका रेकॉर्डपायी!

सगळं नीट सांगते. आमच्या दादाचं दैवत म्हणजे इंग्लंडचा एक जुना बँड. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की खाली कमेंटमध्ये दुसऱ्या बँडचे भक्त भांडायला उतरतात. या मंडळींचे अकरा अल्बम. पहिले काही अमेरिकेतल्या ब्लूज संगीतावर पोसलेले, खरखरीत आणि रांगडे. मधले भारदस्त. शेवटचे दोन-तीन म्हणजे नुसत्या यंत्रांच्या पिपाण्या, पण हे दादासमोर बोलायची सोय नाही. सगळे अकरा त्याच्या कपाटात क्रमाने उभे असतात आणि सहावा सोडून प्रत्येकाची त्याने स्वतः भरलेली, नंबर घातलेली कॅसेट गाडीत असते. सहावा अल्बम त्याने पहिल्या पगारात घेतलेला. घरात पगाराची पहिली वस्तू आली म्हणून आईने तो आधी देवापुढे ठेवायला लावला होता.

चौऱ्याण्णव साली ताईचं लग्न ओझरला झालं. आदल्या संध्याकाळी वाजवायला म्हणून दादाने रेकॉर्डांची पेटी नेली आणि घरी आल्यावर बघतो तर सहाव्याचं नुसतं कव्हर! लाऊडस्पीकरवाल्याला कव्हर दाखवून विचारलं, तो म्हणाला अशा चित्राचं आमच्याकडे काही नाही. ताईचा दीर सुनील तेव्हा कॉलेजात होता आणि तेच कव्हर कौतुकाने उलटसुलट बघत बसला होता. झालं. लग्नानंतर पारगावला पूजेला जमलेल्या पाहुण्यांसमोर दादा बोलून गेला, "याच्याशिवाय कुणी नसेल घेतली." वर शपथही घेतली, रेकॉर्ड मिळेपर्यंत या घरात पाऊल ठेवणार नाही. बाजारात दुसरी मिळत होती, पुढे सीडीही आली. घेईल तर दादा कसला! दुसरी घेतली की पहिली गेली असं कबूल केल्यासारखं होतं, असं त्याचं म्हणणं. दर भाऊबीजेला ताईच बिचारी पारगावहून एसटीने पुण्याला यायची, ओवाळायची आणि तोंड पाडून परत जायची.

आणि मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "अगं, शेजारच्यांच्या मांडवात कर्णा लावलाय आणि त्यावर दादाचं सहा नंबर वाजतंय! एकट्या गिटारने सुरू होतं ना, तेच!" लहानपणी भिंतीपलीकडून ते आम्हाला रोज ऐकावं लागे, त्यामुळे ती चुकणं शक्य नव्हतं. कर्णा जुन्नरच्या बाबूभाईंचा. लग्नातलाच लाऊडस्पीकरवाला! दादाला मात्र मी काही बोलले नाही. बाबूभाईंकडे ती रेकॉर्ड नसती तर आणखी बारा वर्षं जायची.

जानेवारीतल्या शनिवारी सकाळी निघालो. भोसरी ते चाकण पहिला अल्बम. चाकणच्या गर्दीत तो ऐकायला बरा वाटतो, दोघांच्यात सारखाच धिंगाणा. खेडच्या घाटात ट्रकांमागे रखडलो तेव्हा तिसरा लागला होता. तुम्ही जाणार असाल तर घाट सकाळी लवकर पार करा, नाहीतर उसाच्या आणि कांद्याच्या गाड्यांमागे नुसतं ताटकळावं लागतं. नारायणगावला मिसळ खाल्ली, तिखट म्हणजे कानातून धूर. पाव मागाल तितके. पाचवी कॅसेट संपली आणि दादाने नेहमीप्रमाणे टेप बंद केला. सातवी तो लगेच लावत नाही. थोडा वेळ सहावीचा रिकामा जाऊ देतो. असा माणूस!

ओझरला छान दर्शन झालं. धरणाचं पाणी बघत बसलो, भक्तनिवासात स्वस्तात स्वच्छ खोली मिळाली. थंडी मात्र मी म्हणत होती, तेव्हा स्वेटर न्या. सकाळी मी म्हटलं, "आलोच आहोत तर जुन्नर बघू." दादाने माझ्याकडे रोखून बघितलं, पण गाडी वळवली.

बाबूभाईंचं दुकान जुन्या पेठेत आहे. आत कर्णे, वायरींची भेंडोळी, मखमली झालरी. दाढी पांढरी झालेले बाबूभाई म्हणाले, "या पावणं, बसा. कुनाचं लगीन काढलंय?"

"लग्न नाही हो," मी म्हटलं. "तुम्ही मांडवात पहिल्यांदा इंग्रजी रेकॉर्ड लावता ना, ती ऐकायचीय." दादाची मान गर्रकन माझ्याकडे वळली.

"टेस्टिंगची? ती तर आमची लई जुनी. कर्णा चढवला का पैली तीच. सुरवातीला नुसती गिटार हाय, आवाज फाटतो का लगेच कळतंय. आन बोल कुनाला समजत न्हाईत, त्यामुळं पुन्हा लावा म्हनून कुनी मागं लागत न्हाई." त्यांनी हसत हसत पेटीतून एक मळकं कव्हर काढलं. वर गणपतीचं चित्र. आरत्यांचं!

बाबूभाईंनी रेकॉर्ड बाहेर काढली. काळ्या तबकडीच्या मधल्या गोल कागदावर फिकट तांबडा डाग होता. बोटाच्या टोकाएवढा.

दादा पायरीवरच बसला. "आईचं बोट आहे ते," म्हणाला.

पहिल्या पगाराची वस्तू! आईने देवापुढे ठेवून तिला हळदीकुंकू लावलं होतं. हळद उडून गेली, कुंकू राहिलं. आम्ही सगळा किस्सा सांगितला तसे बाबूभाई कपाळावर हात मारून घ्यायला लागले. "तवा आवराआवर आमचा रज्जाक करायचा. त्याला इंग्रजी कुठलं वाचता येतंय? कुंकू लावल्यालं दिसलं, म्हनला देवाचं गाणं असंल, कुनाच्या पायाखाली नको याया. आरतीची रेकॉर्ड फुटली व्हती, कव्हर मोकळंच व्हतं, त्यात ठेवली. तुमी चित्राचं कव्हर इचारलं, मी चित्रच हुडकलं वो!" रेकॉर्ड त्यांनी दोन्ही हातांनी दादाला दिली. पैशाचा विषय काढू दिला नाही. "अमानत हाय तुमची. च्या तेवढा घ्या."

आता टेस्टिंगला काय, हा प्रश्न होता. दादा गाडीत गेला आणि अकरा नंबरची कॅसेट घेऊन आला. बाबूभाईंनी ती लावली, मान तिरकी करून ऐकली. "ह्यात दम न्हाई राव," ते म्हणाले, "पन टेस्टिंगला चालंल." बारा वर्षांत दादासमोर हे बोलायची छाती कुणाची झाली नव्हती. मी हसू दाबत चहा प्याले.

गाडीत बसल्यावर दादाने किल्ली फिरवली नाही. "सुनीलने नाही घेतली," म्हणाला. "आता पारगावला काय तोंड घेऊन जाऊ?"

"हेच तोंड घेऊन. दुसरं आहे का तुझ्याकडे?" मला रडू येत होतं आणि रागही येत होता. सगळ्यात जास्त म्हणजे हायसं वाटत होतं.

मंचरपर्यंत मागे येऊन डावीकडे वळलो. कारखान्याचा हंगाम जोरात, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या, हवेत मळीचा वास. ओव्हरटेक करायच्या भानगडीत पडू नका. ताई दारात भाकरतुकडा घेऊन उभीच होती. दादाने चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर थबकला. तिने तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि दंडाला धरून त्याला आत ओढलं.

सुनील कारखान्यातून दुपारी आला. आता अंगाने भरलाय, मिशा ठेवल्यात. दादा उठून उभा राहिला. "सुनील, चुकलो मी. चारचौघांत बोललो होतो, आता चारचौघांत सांगतो. तू नव्हती घेतलीस." आणि कुंकवाची सगळी हकिगत त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली.

सुनीलने रेकॉर्ड उजेडाकडे नेऊन तो डाग बघितला. "दादा, मी मांडवात गेलो ना, का दोस्त म्हनायचे, कर्ण्याची पेटी संभाळा रं, सुन्या आलाय. चेष्टाच व्हती. पन मी पेटीजवळ उभा राह्याचं सोडलं." मग ताईच्या नवऱ्याने, आमच्या दाजींनी घसा खाकरला. "आता मासवड्या गार करायच्या का सगळ्यांनी मिळून?" दादा चार मासवड्या आणि दोन भाकरी जेवला. घरी एकच भाकरी खातो.

निघताना त्याने रेकॉर्ड सुनीलच्या हातात दिली. "तुझ्याकडे राहू दे."

"आमच्याकडं प्लेअर न्हाई, दादा."

"पुढच्या खेपेला घेऊन येतो."

येताना घाट मोकळा मिळाला, तासभर वाचला. खर्च म्हणाल तर पेट्रोल सोडून फारसा झाला नाही. दादाच्या कपाटात पाच आणि सातच्या मध्ये सहाव्याचं कव्हर अजूनही रिकामंच आहे. परवा मी त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ आले होते. त्यांनी ते उचललं, आत बोटं घातली आणि विचारलं, "अहो, यातली रेकॉर्ड कुठंय?" मी स्वयंपाकघरात गॅस बारीक केला. या प्रश्नावर बारा वर्षं त्या घरात आवाज चढत आले होते.

"ती होय?" दादा म्हणाला. "आमच्या बहिणीकडे असते, पारगावला. ऐकायची तर तिथे जावं लागतं."